कासच्या पठारावर, कोणालाही न कळवता

पत्राचा सारांश: पत्रलेखिका २९ वर्षांच्या असून मूळच्या नाशिकच्या आहेत आणि काही वर्षांपासून पुण्यात नोकरी करतात. त्यांचा जोडीदार सांगलीचा असून तोही पुण्यातच नोकरीला आहे. दोघांच्या जाती वेगळ्या आहेत, तरी घरचा विरोध आता मावळला आहे. अडले आहे ते लग्न कोठे आणि कसे करायचे यावर. मुलाकडच्यांना सांगलीत आठशे पानांचे लग्न हवे आहे, मुलीकडच्यांना नाशिकला आणि आपल्या पद्धतीने हवे आहे, आणि बैठकांवर बैठका होऊनही मानपानाच्या याद्यांपलीकडे गाडी सरकलेली नाही. या सगळ्याला कंटाळून दोघांनी एक बेत आखला आहे. सप्टेंबरमध्ये कासच्या पठारावर जायचे, सूर्योदयाच्या वेळी फुलांच्या गालिच्यात उभे राहून एकमेकांना हार घालायचे, सोबत फक्त छायाचित्रकारांना न्यायचे, आणि घरी थेट फोटो पाठवून कळवायचे. हा बेत त्यांची आत्या आणि मुलाचा धाकटा भाऊ या दोघांनाच ठाऊक आहे. त्या विचारतात, "कास ही जागा योग्य ठरेल का? आणि घरी आधी सांगावे की नंतर?"

उत्तर:

तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आधी देऊन टाकते, कारण त्यामागची कारणे सांगायला थोडा वेळ लागणार आहे. तुमच्या मनात जो सोहळा आहे त्यासाठी सप्टेंबरातले कास योग्य नाही. घरी मात्र आधी सांगावे. परवानगी मागायला म्हणून नव्हे, कळवायचे म्हणून. लहानसे लग्न करण्याच्या तुमच्या निर्णयाविषयी माझी काहीच हरकत नाही. दोन सज्ञान, कमावत्या माणसांनी आठशे पानांना नकार दिला तर त्यात कोणाचा अपमान होत नाही, आणि कोणी तो करून घेतलाच तर त्याची भरपाई तुम्ही जन्मभर करत बसण्याचे कारण नाही.

आता कासविषयी. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर असलेले हे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत गेले आणि तेव्हापासून तिथली गर्दी वाढतच गेली. तुम्ही जी छायाचित्रे पाहिली असतील ती बहुधा कॅमेरा जमिनीलगत ठेवून काढलेली असतात. समोर तेरड्याचा गुलाबी पट्टा येतो, मागे ढग येतात, आणि मधली माणसे फुलांआड जातात. प्रत्यक्षात हंगामात रोज तीन हजार पर्यटकांची मर्यादा घालावी लागते, प्रवेशासाठी ऑनलाइन नोंदणी करावी लागते, आणि सुट्टीच्या दिवशी ती मर्यादा गाठली जाते. गाड्या अलीकडेच थांबवाव्या लागतात, आखलेल्या वाटेने चालावे लागते, आणि कोणी वाट सोडून फुलांत शिरले की आसपासच्या गावांतून नेमलेल्या माणसांची शिट्टी वाजते. लग्नाच्या मुहूर्तावर मंगलाष्टकांऐवजी ही शिट्टी ऐकावी लागली तर कसे वाटेल, याचा विचार करून पाहा.

ती शिट्टी वाजते ते योग्यच आहे. कासचे पठार म्हणजे जांभ्याचा एक विस्तीर्ण कातळ आहे आणि त्यावर मातीचा अगदी पातळ थर आहे. त्या थरावर साडेआठशेहून अधिक जातींच्या सपुष्प वनस्पतींची नोंद झालेली आहे आणि त्यांतल्या बऱ्याचशा वनस्पतींना उगवणे, फुलणे आणि बी धरणे हे सारे पावसाच्या चार महिन्यांतच उरकावे लागते. सीतेची आसवे नावाचे निळसर जांभळे फूल पाहायचे असेल तर उकिडवे बसावे लागते; देठ जेमतेम बोटभर उंच असतो, आणि खाली ओल्या मातीत त्याच वनस्पतीच्या बारीक पिशव्या पाण्यातले सूक्ष्म जीव पकडत असतात. एका पावलाखाली अशी पाचपंचवीस झाडे सहज जातात आणि त्यांचे बी धरायचे राहून जाते. तेव्हा "फुलांच्या गालिच्यात उभे राहणे" हे तिथे फुलांवर उभे राहिल्याशिवाय जमत नाही, आणि नेसूचा शालू सावरत ते करायचे म्हटले तर नुकसान आणखी वाढते.

सूर्योदयाचेही तसेच आहे. प्रवेशाच्या वेळा ठरलेल्या असतात, त्यामुळे पहाटेच्या पहिल्या उजेडात पठारावर मधोमध उभे असण्याची शक्यता मुळात कमी. त्यातून सप्टेंबरात सह्याद्रीच्या माथ्यावर अमुक दिवशी सूर्य दिसेल, याची हमी स्वतः सूर्यही देणार नाही. धुके उतरले की दहा पावलांवरचे दिसत नाही, आणि भुरभुर सुरू झाली की ओल्या जांभ्यावर पाय घसरतो. फुले नेमकी कधी ऐन बहरात येतील हेही त्या वर्षीच्या पावसावर ठरते. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तो बहर पुढेमागे होत राहतो.

तिकीट काढून दोघे आखलेल्या वाटेवर उभे राहिलात आणि एकमेकांशी चार शब्द बोललात तर कोणीही हरकत घेणार नाही. मात्र होम, मांडव, पाकळ्यांची उधळण, ड्रोन किंवा व्यावसायिक चित्रीकरण यांपैकी काहीही मनात असेल तर सातारा वनविभागाला आधी लेखी विचारावे आणि उत्तर नकारार्थी येईल असे धरून चालावे. कुंकवाने रंगवलेल्या अक्षतासुद्धा त्या कातळावर टाकू नयेत. आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. सप्टेंबरातल्या रविवारी कासवर येणाऱ्या माणसांत पुण्याइतकीच सांगली-कोल्हापूरकडची माणसे असतात. नवरानवरीच्या वेशातले जोडपे दिसले की चार मोबाइल वर होणारच. तुम्ही घरी फोटो पाठवण्याआधी एखाद्या परक्याने काढलेला व्हिडिओ सांगलीच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर पोहोचलेला असेल. ज्यांच्यापासून लपवायचे आहे त्यांच्याच सहलीच्या जागी तुम्ही लपायला निघाला आहात.

जागेचा प्रश्न येथे संपला असता, पण तुमच्या बेतात एक मोठे गृहीतक दडलेले आहे. लग्नाला दोघेच पुरेसे असतात, असे तुम्ही धरून चालला आहात. कायद्याने ते पुरेसे नसतात, आणि माझ्या मते व्यवहारानेही नसतात.

आधी कायदा पाहू. पठारावर हार घातल्याने तुमच्या मनाचे समाधान होईल, लग्न होणार नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ प्रमाणे लग्न करायचे तर दोहोंपैकी एका बाजूच्या रूढीनुसार विधी व्हावे लागतात, आणि त्या रूढीत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण होतो. आवश्यक विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने विवाह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. पुण्याच्या परिसरातली कितीतरी जोडपी यासाठी आळंदीला जातात. तेथे विधी यथासांग होत असेल तर त्यात कमी काहीच नाही. फक्त तेथल्या मंगल कार्यालयाने दिलेला कागद म्हणजे सरकारी विवाह नोंदणी नव्हे, ती वेगळी करून घ्यावी लागते, एवढे ध्यानात ठेवावे.

तुम्हाला विधी नकोच आहेत, असे तुमच्या पत्रावरून दिसते. म्हणजे तुमच्यासाठी विशेष विवाह कायदा, १९५४ हा सरळ मार्ग आहे. त्याची रीत अशी. दोघांपैकी एकजण तरी नोटिशीच्या आधी सलग ३० दिवस ज्या जिल्ह्यात राहिलेला असेल त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. तुम्ही दोघेही पुण्यात राहता, तेव्हा नोंदणीकृत भाडेकराराच्या आधारे पुण्याची नोटीस देता येईल. ती नोटीस कार्यालयात लावली जाते आणि आक्षेप घेण्यासाठी ३० दिवसांची मुदत असते. आक्षेप घ्यायचा तोही वय, आधीचे लग्न, निषिद्ध नाते अशा कायद्यातल्या कारणांवरच घेता येतो. "आम्हाला आठशे पाने हवी होती" हे काही कारण होत नाही. मुदत संपल्यावर, पण नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत, विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचे वाक्य उच्चारायचे, सह्या करायच्या, की लग्न झाले. त्याच वेळी हवा तो विधी करायला कायद्याची मुभा आहे. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक पद्धतीने १८७३ मध्येच भटजीवाचून लग्ने लागू लागली. तशा मराठी प्रतिज्ञा तुम्ही स्वतःसाठी लिहू शकता.

विवाह अधिकारी ज्यादा शुल्क घेऊन कार्यालयाबाहेरही येऊ शकतात, पण "वाजवी अंतरावर". पुण्याचे अधिकारी सातारा जिल्ह्यातल्या पठारावर येतील, असे धरून बेत आखू नका.

आता तुमच्या गुप्ततेला सुरुंग लावणारे कलम सांगते. नोटीस देणाऱ्यांपैकी कोणाचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर नोटिशीची प्रत त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तेथेही लावली जाते. म्हणजे तुमची नोटीस पुण्याखेरीज नाशिकला आणि सांगलीलाही लागेल. जिल्ह्याच्या ठिकाणी अशा कार्यालयात वकील, मुद्रांक विक्रेते, कारकून यांची रोज ये-जा असते आणि त्यांतला कोणीतरी कोणाच्या तरी भावकीतला निघतो. तुमच्या आईवडिलांना ही बातमी तुमच्या फोटोतून कळेल असे तुम्ही समजता आहात. ती त्यांना एखाद्या अर्धपरिचित गृहस्थाच्या फोनवरून कळण्याचा संभव त्याहून जास्त आहे.

आणि मग ते तीन साक्षीदार. तुमच्या बेताबद्दल ज्या दोघांना ठाऊक आहे ती, म्हणजे आत्या आणि धाकटा दीर, यांतले दोन ठरल्यासारखेच आहेत. सही करून ती दोघे घरी परततील तेव्हा काय होईल, याचा तुम्ही विचार केलेला दिसत नाही. तुमच्यावरचा राग वर्षा-दोन वर्षांत ओसरेल. मुलगी ती मुलगी, सून ती सून. पण "तुला माहीत होते आणि तू सही केलीस" हा बोल आत्याला तिच्या भावाकडून दर दिवाळीला ऐकावा लागेल. धाकटा भाऊ तर बहुधा अजून आईवडिलांच्याच घरात राहत असेल. तो संध्याकाळी त्यांच्याच ताटावर जेवायला बसणार. गुपचूप लग्नाचा भार लग्न करणाऱ्यांपेक्षा साक्षीदारांवर जास्त पडतो, आणि तुम्ही दोघे चार दिवस फिरायला गेलेले असताना तो पडतो. तुम्ही आधी सांगावे असे मी म्हणते त्याचे पहिले कारण आईवडिलांचे मन हे नसून हे आहे.

एक गोष्ट थोडी स्पष्टच लिहिते, राग मानू नये. तुमच्या पत्रातील खर्चाच्या यादीत छायाचित्रकार आहे, त्याचा मदतनीस आहे, रंगभूषा करणारी आहे, ड्रोनवाला आहे आणि चालकही आहे. ज्या प्रसंगाला आई नको, त्याला ड्रोनवाला हवा आहे. यात काही चूक आहे असे मी म्हणत नाही. परक्यांसमोर आपण मोकळे असतो आणि घरच्यांसमोर नसतो, हे अनेकांचे खरे आहे. पण तुम्हाला माणसेच नको आहेत की तुम्हाला न विचारता निर्णय घेणारी माणसे नको आहेत, हे दोघांनी एकदा शांतपणे बोलून पाहावे. दुसरे असेल, आणि मला तसेच वाटते, तर त्याला उपाय पठार हा नसून यादी आहे. ती तुम्ही करायची, तुमच्या आकड्याची.

घरी सांगायचे कसे? नोटीस देण्याच्या आदल्या आठवड्यात, दोघांनी आपापल्या घरी, शक्यतो समोरासमोर. "लग्न कसे करायचे हे आम्ही ठरवले आहे. अमुक आठवड्यात पुण्याच्या कार्यालयात लग्न लागेल. तुम्ही आलात तर आनंद होईल. मोठे जेवण तुम्हाला घालायचेच असेल तर ते नंतर तुमच्या गावी, तुमच्या खर्चाने घाला, आम्ही एक दिवस येऊन उभे राहू." एवढे सांगून थांबावे. वाटाघाट सुरू झाली की आधी साखरपुडा तरी, मग हळद तरी, असे करत तुम्ही पुन्हा पहिल्या बैठकीत जाऊन बसाल. रडणे, अबोला, आजीची तब्येत हे सगळे होईल असे धरून चला. तारीख मात्र हलवू नका, पितृपंधरवड्याचा अपवाद सोडून. सप्टेंबरात बहुतेक वर्षी तो येतोच. तुमचा मुहूर्तावर विश्वास नसला तरी त्या पंधरा दिवसांत लग्न करून नातेवाइकांच्या हाती आयते निमित्त कशाला द्यायचे? पुढे घरात साधी पाटी फुटली तरी त्याचा दोष त्या तारखेला जाईल.

तुमच्यासारखीच, पण अधिक बिकट परिस्थिती असलेल्या वाचकांसाठी येथे थोडे लिहायला हवे. ज्यांना घरच्यांकडून मारहाणीची, डांबून ठेवण्याची किंवा जिवाची भीती आहे त्यांनी वरचा "आधी सांगा" हा सल्ला आपल्यासाठी मानू नये. सज्ञान मुलामुलीला आपला जोडीदार निवडण्याचा अधिकार आहे आणि त्यात कुटुंबाची, जातीची किंवा पंचायतीची संमती लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या शक्ती वाहिनी प्रकरणात नि:संदिग्धपणे सांगितले आहे. अशा जोडप्यांसाठी विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारा यांची व्यवस्था करण्याचे निर्देशही त्याच निकालात आहेत. अशा वाचकांनी नोटिशीची प्रत मूळ गावी जाते हे आधीच लक्षात घेऊन वकिलाचा सल्ला घ्यावा, पोलिसांकडे लेखी अर्ज देऊन त्याची पोच जवळ ठेवावी, ११२ आणि महिलांसाठीचा १८१ हे क्रमांक हाताशी ठेवावेत, आणि कोणत्याही प्रसिद्ध पर्यटनस्थळावरून स्वतःचे छायाचित्र त्याच दिवशी टाकू नये.

तुमच्याकडे परत येते. डोंगर, ढग आणि दोघेच, ही इच्छा मला खरी वाटते आणि ती मोडू नये असेही वाटते. ती लग्नाच्या कायदेशीर क्षणापासून सुटी करा, म्हणजे सोपी होईल. पुण्याला सकाळी सह्या करा, साक्षीदारांबरोबर आणि आले तर आईवडिलांबरोबर जेवा, आणि दुपारी दोघेच साताऱ्याकडे निघा. कास रस्त्यावर आणि पुढे बामणोली-तापोळ्याच्या बाजूला दरीकडे किंवा शिवसागराच्या पाण्याकडे तोंड केलेली राहण्याची ठिकाणे आहेत. मालकाला आधी सांगितले तर खासगी जागेच्या अंगणात सकाळी तासभर उभे राहून हार घालायला, प्रतिज्ञा वाचायला बहुधा कोणी नाही म्हणणार नाही, आणि तेथे शिट्टीही वाजणार नाही. छायाचित्रकार एकच न्यावा. पाऊस लागला तर ओसरीवर उभे राहता येते, ही सोय पठारावर नाही.

कास पाहायचेच असेल, आणि ते जरूर पाहावे, तर दुसऱ्या दिवशी, मधल्या वारी, नोंदणी करून, साध्या कपड्यांत आणि पायांत चांगली पकड असलेले बूट घालून जा. पठारावर गर्दी नको आणि फुले नसली तरी चालतील, असे असेल तर नोव्हेंबरात जा. गवत पिवळे पडलेले असते, हवा स्वच्छ असते आणि माणसे तुरळक असतात. तुळशीची लग्ने लागू लागलेली असतात, म्हणजे तारखेवरून वाद घालणाऱ्यांचे तोंडही आपोआप बंद होते. माझी निवड विचाराल तर मी नोव्हेंबर सुचवीन. तुमच्या मनात मात्र फुलेच आहेत हे दिसते आहे, म्हणून सप्टेंबरचा हिशेबही देते. लग्न सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात हवे असेल तर नोटीस जुलैच्या अखेरीपर्यंत गेलेली बरी. म्हणजे आक्षेपाची मुदत ऑगस्टअखेर संपते, तीन महिन्यांची मर्यादा ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत पुरते, आणि मध्ये गणपतीच्या सुट्ट्या आल्या तरी कार्यालयाची तारीख मिळायला थोडी सवड राहते. वय आणि पत्त्याचे पुरावे, छायाचित्रे आणि तिन्ही साक्षीदारांची ओळखपत्रे यांची नेमकी यादी कार्यालयातून आधीच घ्या.

आत्याला आणि धाकट्या दिराला सही करण्याविषयी पुन्हा एकदा, घरी सांगून झाल्यावर, विचारा. त्यांना आता नाही म्हणायचे असेल तर म्हणू द्या. तिसरा साक्षीदार अजून ठरलेला नाही. ते नाव मी सुचवू शकत नाही, पण घरी सांगायला जाल तेव्हा ती जागा मोकळी ठेवून जा, आणि ती मोकळी आहे हे तुमच्या वडिलांना सांगा.